चौघींची गिरणी

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "आजी, ऑलिगार्कीचं एक उदाहरण सांग ना. उद्या वही द्यायची आहे." मागून धाकट्याने ओरडून एक-दोन देशांची नावं सुचवली. मी म्हटलं, देशांच्या कारभाराबद्दल तुझी आजी काही लिहून देणार नाही, त्यासाठी वर्तमानपत्रं आहेत. मग तू जुन्या ग्रीसमधल्या कुठल्याशा नगराचं नाव लिहिलंस आणि फोन ठेवलास. ते उत्तर बरोबरच होतं. तरी मला रात्रभर चुटपुट लागून राहिली, कारण उदाहरण माझ्याजवळ होतं. पाच-सहा वर्षं मी तसल्या एका राज्यात राहिले, आणि राज्य करणाऱ्यांत होते.

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र इंग्रजीत होतं. बाई फळ्यावर तीन रकाने आखायच्या: एकाचं राज्य, थोड्यांचं राज्य, सगळ्यांचं राज्य. मधल्या रकान्यातली माणसं त्यांच्या बोलण्यात नेहमी श्रीमंत, कावेबाज आणि शस्त्रं बाळगणारी असत. मराठीत याला अल्पजनसत्ता म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि ही सत्ता गुडघे दुखणाऱ्या चार बायका, बसमधून पिठाचे डबे सांभाळत नेता नेता, चालवू शकतात हे तर कोणीच सांगितलं नव्हतं.

आजोबांची इथली नोकरी संपली तरी आम्ही मायदेशी न परतता बुकित बातोकच्या वस्तीतच राहिलो, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्यापासून चार इमारती सोडून मोठ्या वहिनी राहत. आम्हा सगळ्यांत त्या वयाने मोठ्या, म्हणून मोठ्या वहिनी. त्यांच्या फ्लॅटमध्ये, इथल्या बहुतेक नव्या सरकारी फ्लॅट्समध्ये असते तशी, जाड भिंतींची, बिनखिडकीची, लोखंडी दाराची एक लहानशी खोली होती. बॉम्ब पडायला लागले तर आत जाऊन बसायचं, यासाठी ती बांधतात. बॉम्ब काही पडले नाहीत, त्यामुळे लोक तिच्यात इस्त्रीचं टेबल, सुटकेसेस आणि तांदळाच्या पिशव्या ठेवतात. मोठ्या वहिनींनी तिच्यात गिरणी ठेवली.

गिरणी म्हणजे घरघंटी. पांढऱ्या कपाटासारखी दिसते. वर धान्य ओतायचं, खाली पिठाचा डबा. आम्ही चौघींनी मिळून ती पुण्याहून मागवली होती. वहिनींच्या पुतण्याचं घरसामान कंटेनरमधून येत होतं, त्यात ती आली. लोखंडी दार लावून घेतलं की तिचा आवाज बाहेर जात नसे, म्हणून शेजारच्या चिनी आजोबांनी कधी तक्रार केली नाही. आतला उकाडा मात्र विचारू नका. पाच मिनिटांत पाठीला घामाची धार लागायची आणि भुवया पांढऱ्या व्हायच्या.

चौघींपैकी दुसऱ्या होत्या ऑडिटरबाई. मुंबईच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासलेल्या, निवृत्त झाल्यावरही तपासायची सवय न गेलेल्या. तिसऱ्या ताई, गोऱ्यापान आणि शांत. त्यांचं एकच वाक्य होतं: "तुम्ही म्हणाल तसं." चौथी मी. माझ्याकडे वेळापत्रक होतं. कोणत्या शनिवारी कोणाचं दळण, कोणत्या धान्यामागून कोणतं, हे आखून मी तो कागद चुंबकाने त्या लोखंडी दारावर लावत असे.

सुरुवातीला गिरणी फक्त आमची होती. मग कोणाच्या सुनेची मैत्रीण, कोणाच्या ऑफिसमधल्याची बायको असं करत बरीच घरं येऊ लागली. इथे गव्हाचं तयार पीठ कुठेही मिळतं, पण ताजं दळलेलं नाही. आणि भाजणी तर मिळतच नाही. दिवाळीच्या आधी वहिनींच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. फोनवर आमचा एक ग्रुप होता, त्यात आम्ही चौघी सूचना टाकायचो आणि बाकीच्या होकाराच्या अंगठ्याचं चित्र पाठवायच्या.

नियम होत गेले. कोणी बसून केले असं नाही. शनिवारी दळण संपलं की वहिनी चहा टाकायच्या, आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती पाय सोडून बसायचो, आणि चहाबरोबर एखादा कायदा व्हायचा. मिरची-हळद दळायची नाही. ओलसर धान्य आणलं तर परत न्यायचं. हरभऱ्याची डाळ फक्त दिवाळीच्या तोंडावर, कारण मोटर तापते. एकीने मेतकुटाचं विचारलं, तर हिंगाचा वास आठवडाभर जात नाही म्हणून नकार. मग मी ग्रुपवर लिहायचे, "सगळ्यांचं म्हणणं असं आहे की..." सगळ्या म्हणजे टेबलाभोवतीच्या चौघी.

एकदा मी म्हटलंदेखील, "अहो, आपण कोणालाच विचारलेलं नाही."

ऑडिटरबाई म्हणाल्या, "पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आपण चौघी, पाचवा तो वर बसलाय. कोरम झाला."

ताई हसल्या. वहिनींनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. मी मूठभर चिवडा घेतला.

तुम्हाला वाटेल, मजा येत असेल. पहिलं वर्ष येते. नंतर दम लागतो. सकाळी आठला कोणाचा तरी फोन, "काकू, आज माझं होईल का?" कोणी गहू निवडून आणायचं नाही, मग खडा सापडायचा आणि जाळी फाटायची. जाळ्या झटका, पिठाची पिशवी झटका, पुढचीला आत घ्या. किती तरी वेळा मी म्हटलं, कोणीतरी तरुण बाईने वेळापत्रक घ्यावं. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. "काकू, तुमच्यासारखं कोणाला जमणार?" राज्य कोणी आमच्याकडून हिसकावून घेत नव्हतं. ते आमच्या दारात आणून ठेवून लोक निघून जात होते.

त्या दिवसांत ती आली. बुकित पंजांगहून बसने यायची. पाया लेबारला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. नवरा महिन्यातले निम्मे दिवस प्रवासात. आम्ही आपसांत तिला पंजांगवाली म्हणायचो. पहिल्यांदा आली ती दळण न घेता. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती, वयाच्या मानाने फार लहान दिसणारी, हातपाय काडीसारखे. वहिनींनी तिच्या हातात शंकरपाळे ठेवले. तिने ते बघितले, आईकडे बघितलं आणि वहिनींच्या हातात परत दिले.

"कॅनॉट ला, आज्जी. गॉट व्हीट."

"काय म्हणते ती?" वहिनींनी मला विचारलं.

"यात गहू आहे, चालत नाही," तिच्या आईने सांगितलं. मुलीला सिलिअॅक नावाचा आजार होता. गव्हातला, सातू-बार्लीतला चिकट अंश तिच्या आतड्यांना सोसत नव्हता. गहू पोटात गेला की आतून सोलवटल्यासारखं होतं, अन्न अंगी लागत नाही, वाढ खुंटते. औषध नाही. आयुष्यभर गहू तोंडात जाऊ द्यायचा नाही, एवढाच उपाय. चिमूटभरसुद्धा नाही. भाताला ती कंटाळली होती. दुकानातला खास ब्रेड तिला थर्माकोलसारखा लागायचा. सांगलीची आजी येऊन राहिली तेव्हा भाकरीवर तिने ताव मारला होता, पण आजी परत गेली. लिटल इंडियात ज्वारी-बाजरीचं पीठ मिळायचं, ते कुठे दळलेलं, कशाबरोबर दळलेलं, कोण सांगणार? अख्खी ज्वारी आणून तिने घरी दळून पाहिली होती. दोन मिक्सर जळाले. भाकरीला भेगा. स्वतःची घरघंटी ठेवावी म्हटलं तर फ्लॅट भाड्याचा. बॉम्बची ती खोली घरमालकाने स्वतःचं सामान भरून कुलूप लावून ठेवलेली, आणि उघड्या स्वयंपाकघरात गिरणी लावायला परवानगी नाही.

"काकू," ती म्हणाली, "या गिरणीत गहू दळणं बंद नाही का करता येणार? तयार कणीक सगळीकडे मिळते. ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ कुठेच मिळत नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. ते एवढं सरळ बरोबर होतं की टेबलाभोवती कोणालाच ते आवडलं नाही.

ऑडिटरबाई म्हणाल्या, "म्हणजे एकीसाठी सगळ्यांनी पोळ्या सोडायच्या?"

"पोळ्या नाही हो काकू, फक्त इथलं दळण."

"अगं, तुझ्या आधी आम्ही तांदूळ फिरवून घेऊ मूठभर. गिरणी स्वच्छ होते. एवढा कण लागला तर काही होत नाही. आमच्या वेळी मुलं मातीसुद्धा खायची."

"कण लागला तरी होतं काकू. तोच तर आजार आहे."

मी म्हटलं, "ग्रुपवर विचारून बघू. सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" ऑडिटरबाईंनी विचारलं. "त्या अंगठेबहाद्दरांना?"

ताईंकडे सगळ्यांनी पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या. वहिनींचे यजमान ताज्या पिठाच्या पोळीशिवाय जेवत नसत, त्यामुळे वहिनी चहा गाळायला उठल्या. चहा आला आणि विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपत. कोणी नाही म्हणत नसे. हो म्हणायचं राहून जायचं.

तरी ती येत राहिली. दळायला नाही, मदतीला. जाळ्या झटकायची, डबे उचलायची. मुलगी टेबलाखाली बसून चित्रं काढायची. मधूनमधून ती शाळेतून लवकर घरी आलेली असे, पोट दुखलं म्हणून. डॉक्टर दर भेटीला तिची उंची मोजत. तो काटा हलला नाही तर पुढच्या तपासण्या करायच्या, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. ती हे आम्हाला सांगायची ते रडून नाही. बस उशिरा आली, असं सांगावं तसं.

श्रावण आला. आता एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी. आमच्याकडे उपवासाला धान्य चालत नाही. वरी, राजगिरा, साबुदाणा चालतो. त्यांची भाजणी दळतात आणि तिचं थालीपीठ लावतात. त्यात गव्हाचा कण गेला तर उपवास मोडतो. म्हणून वर्षातून दोनदा, श्रावणाच्या आणि नवरात्राच्या आधी, आम्ही गिरणी उघडायचो. आतली पाती, जाळ्या, पिशवी सगळं सुटं करून ब्रशने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं. मग पहिला साबुदाणा दळून फेकून द्यायचा. दुसराही. त्यानंतर भाजणी. ते होईपर्यंत गहू त्या खोलीच्या दाराशीसुद्धा आणायचा नाही, हा नियम ऑडिटरबाईंचा. त्या स्वतः बॅटरी घेऊन आत डोकावून बघायच्या. "हा बघा, इथे कोपऱ्यात राहिलाय. पुन्हा पुसा."

त्या वर्षी पंजांगवाली पुसायला होती. गुडघ्यांवर बसून, हातात जुना टूथब्रश. ऑडिटरबाई वरून बॅटरी धरून उभ्या.

"काकू," ती खाली मान घालूनच म्हणाली, "एवढा एक कण राहिला तर काय होतं?"

"काय होतं म्हणजे? उपवास मोडतो."

"मग माझ्या मुलीला कायमचा उपवास आहे असं समजा ना."

बॅटरी हलली नाही. ताई दारात राजगिऱ्याचा डबा घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. ऑडिटरबाई म्हणाल्या, "जीभ आहे हो हिला." पण त्या शनिवारी चहाच्या वेळी विषय त्यांनीच काढला. महिन्यातल्या पहिल्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी गिरणी अशीच उघडून धुवायची, आणि शनिवारी पहिलं दळण पंजांगवालीचं. त्यानंतर गहू. "सगळ्यांचं म्हणणं" म्हणून मी ते ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

तिने पहिलं पीठ घरी नेलं त्या संध्याकाळी तिचा फोटो आला. ताटात भाकरी, शेजारी मुलीचं तोंड, दोन्ही फुगलेली.

दोन महिने ठीक गेले. मी जास्त लिहीत नाही, कारण ठीक चाललेल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. फक्त काम वाढलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी धुणं, शनिवारी सकाळी तपासणं. माझा खांदा तेव्हापासून दुखायला लागला. धुवायला या, असं मी ग्रुपवर लिहिलं तर हात जोडलेली चित्रं आली, माणूस एकही आलं नाही. पंजांगवाली आणि मी, दोघीच.

तिसऱ्या महिन्यात मुलगी आजारी पडली. उलट्या, पोट दुखून रात्रभर कळवळणं, शाळा बुडली. आईने घरातलं सगळं तपासलं. सॉस, चॉकलेट, शाळेचा डबा, शेजारणीने दिलेला खाऊ. काही सापडलं नाही. राहिलं फक्त आमचं पीठ. ती माझ्याकडे आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, आपण दोघींनी मिळून धुतलं होतं ना? तुम्हाला आठवतंय ना?" ती माझ्यावर आळ घेत नव्हती. तिला स्वतःवरच शंका आली होती.

मी तिला घेऊन वहिनींकडे गेले. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. मी विचारलं, शुक्रवारच्या संध्याकाळनंतर आणि शनिवारच्या सकाळआधी कोणी दळून गेलं होतं का?

"छे, कोण येणार?" त्या म्हणाल्या. मग काडी हातात तशीच धरून, "म्हणजे, बाहेरचं कोणी नाही. ऑडिटरबाई आल्या होत्या पहाटे. मुलगा यायचा होता ना त्यांचा, लापशीला थोडासा गव्हाचा रवा काढायचा होता. एवढासाच. आणि नंतर तांदूळ फिरवले की त्यांनी."

पंजांगवाली उठली. लोखंडी दारापाशी गेली, माझं वेळापत्रक वाचलं आणि परत येऊन बसली. भांडली नाही. "वहिनी, पाणी देता का?" एवढंच म्हणाली. मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

ऑडिटरबाईंना मी फोन केला तेव्हा त्या खरोखरच चकित झाल्या. "अगं, तो नियम बाहेरच्यांसाठी होता!" त्या म्हणाल्या. "मी स्वतः साफ केली नंतर. माझ्यावर विश्वास नाही?" त्या खोटं बोलत नव्हत्या, लपवतही नव्हत्या. नियम त्यांनी केला होता, म्हणून तो आपल्याखाली आहे, डोक्यावर नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. बाईंच्या फळ्यावरच्या मधल्या रकान्याबद्दल मला जे काही समजलं, ते त्या एका वाक्यात समजलं.

त्या शनिवारी मी चहा होऊ दिला नाही. म्हटलं, आधी ठरवू. गहू कायमचा बंद, नाहीतर ती मुलगी कायमची बंद. मधला रस्ता आपण वापरून पाहिला. आणि या वेळी सगळ्यांना विचारायचं.

"विचार," ऑडिटरबाई म्हणाल्या.

मी तिथेच बसून लिहिलं. मुलीला काय आजार आहे, काय झालं, गहू बंद केला तर कोणाची काय अडचण होईल, प्रत्येकीने आपलं मत कळवावं. अगदी मुद्देसूद लिहिलं. आम्ही टेबलावर फोन मधोमध ठेवून बसलो. उत्तरं येऊ लागली. "बिच्चारी! लवकर बरी होऊ दे." "तुम्ही सीनियर आहात, तुम्ही ठरवाल ते योग्यच." अंगठा. हात जोडलेले. अंगठा. एकीने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग पुसला. एकीने विचारलं, "काकू, दिवाळीच्या भाजणीचे नंबर कधी लागणार?"

ऑडिटरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "झालं लोकमत? सगळ्यांचं म्हणणं असं आहे की आपणच ठरवावं."

त्यांचं हेही बरोबर होतं. मला इतका थकवा आला की उठून घरी जावं, तो कागद दारावरून काढून केराच्या डब्यात टाकावा आणि दुकानातली कणीक खाऊन उरलेलं आयुष्य काढावं, असं वाटलं. पंजांगवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. मुलीला शेजारणीकडे ठेवून आली होती आणि सारखी घड्याळ बघत होती.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "माझं घर आहे, माझा नवरा आहे. मी काही बोलले तर तेच होईल. मी मत देत नाही. तुम्ही तिघी ठरवा."

मी म्हटलं, गहू बंद. ऑडिटरबाई म्हणाल्या, चालू. आणि आम्ही दोघींनी ताईंकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाल..." ताईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. कारण आम्ही दोन गोष्टी म्हणत होतो. इतक्या वर्षांत हे कधी झालंच नव्हतं. आम्ही चहाच्या आधी कधी वेगळ्या झालो नव्हतो.

त्यांनी मांडीवरचा डबा टेबलावर ठेवला.

"मी खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गहू दळून झाला त्याला तीन वर्षं झाली. ह्यांना डायबेटिस निघाला तेव्हापासून आम्ही पोळीच खात नाही."

"अहो, मग दर महिन्याला डबा घेऊन कशाला येता?" ऑडिटरबाईंनी विचारलं.

"त्यात नुसते तांदूळ असतात. पिठी काढून नेते थोडी." त्या लाजल्या. "घरी बोलायला कोणी नसतं. ह्यांना ऐकू येत नाही. इथे तुम्ही असता."

कोणी हसलं नाही. ऑडिटरबाई म्हणाल्या, "मग तुमचं मत काय?"

"मला मत नव्हतं हो. मला यायचं होतं फक्त." मग पंजांगवालीकडे वळून त्या म्हणाल्या, "गहू बंद करा. पोरीला जेवू दे."

ऑडिटरबाई उठल्या. आपले दोन डबे घेतले, वहिनींना "येते हं" म्हणाल्या, आणि गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. त्या तशा नव्हत्या. ग्रुपमधून त्या त्याच संध्याकाळी बाहेर पडल्या.

पुढचं लवकर सांगते. धुऊन भागणार नाही, असं डॉक्टरांनी आता आईला सांगितलं, म्हणून पुण्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून आतली नवीन पाती, नव्या जाळ्या आणि नवी पिशवी मागवली. जुनी आम्ही कापडात बांधून टाकून दिली. गहू बंद झाल्यावर निम्मी घरं यायची बंद झाली. ती रागावली नव्हती, त्यांना फक्त तेवढंच हवं होतं. दिवाळीच्या भाजणीत आम्ही गहू घालतो, तोही वगळला. काही जणींनी नाकं मुरडली आणि चकल्या दुकानातून आणल्या. वहिनींच्या यजमानांनी चार दिवस तयार कणकेच्या पोळ्यांबद्दल तक्रार केली. पाचव्या दिवशी ते विसरले. शनिवारचा चहा तिघींचा झाला, मग कधी दोघींचा. चौथी खुर्ची टेबलाशी तशीच असायची आणि आम्ही तिच्यावर पिशव्या ठेवायचो.

मी जिंकले, असं मला कधी वाटलं नाही. खांदा दुखत होता आणि मैत्रीण गेली होती. ऑडिटरबाई बाजारात भेटल्या की दुसऱ्या रांगेत जायच्या. मीही त्यांना हाक मारायचे नाही. या वयात नवी मैत्रीण मिळत नाही, हे तुम्हाला आत्ता सांगून उपयोग नाही.

मुलीची पुढची तपासणी सहा-सात महिन्यांनी होती. आई सकाळी दवाखान्यात गेली. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले, आजोबा चिडवत होते, "तुझाच निकाल लागणार आहे जसा." दुपारी तिचा फोन आला. रक्तातले आकडे खाली आले होते. उंचीचा काटा हलला होता, अगदी थोडा, पण हलला होता. पुढच्या तपासण्यांची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती बोलत होती आणि मागे मुलगी कोणाशी तरी इंग्रजीत तावातावाने भांडत होती. मी थोडा वेळ तेच ऐकत राहिले.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. ऑडिटरबाई. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज आधी ओळखूच आला नाही.

"आज तपासणी होती ना पोरीची?"

"हो."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, त्यांनी तो बारीक केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "बरं झालं." आणि मग, "बाजरीला जाळी कोणती लावते ती?"

"मला नाही माहीत. बारीक लावत असेल."

"बारीक नको म्हणावं. भाकरी वातड होते, पोरीला चाववणार नाही. मधली लावायची. आणि बाजरी आधी कढईत नुसती गरम करून घ्यायची, भाजायची नाही. सांग तिला."

"सांगते."

"माझं नाव नको सांगू."

मी निरोप दिला. नाव सांगितलं नाही. पंजांगवाली म्हणाली, "ऑडिटरकाकूंना सांगा, बदलली जाळी. आणि म्हणावं, शनिवारी येऊन बघा, नीट येतंय का पीठ."

त्या आल्या. पिशव्या उचलून मी चौथी खुर्ची मोकळी करेपर्यंत त्या बॅटरी घेऊन आत गेलेल्या होत्या.